डोकं रात्रपाळी करतंय आणि पगार कोणी देत नाही

पत्र (थोडं कापून):

"ताई, वय 34, चाकणला एका कंपनीत परचेसला आहे, राहायला मोशीत. माझा प्रॉब्लेम म्हणजे डोकं थांबत नाही. दिवसभर पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), रेट, वेंडरचे फोन, त्यात ठीक असतो. घरी आलो, जेवलो की सुरू. परवा मॅनेजर जाता जाता म्हणाले 'उद्या सकाळी जरा भेट', झालं, रात्रीत माझी नोकरी गेली, होम लोन थकलं, फ्लॅट विकून गावी गेलो इथपर्यंत पोचलो. सकाळी गेलो तर त्यांना दिवाळीच्या सुट्ट्यांचा तक्ता हवा होता. चुलतभावाच्या साखरपुड्यात काकांची थट्टा केली होती, चार महिने झाले, अजून ते वाक्य रात्री आठवतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी एका पीओत माझ्याकडून रेटमधलं दशांशचिन्ह चुकलं, अकाउंट्सने पकडलं म्हणून वाचलो, तेव्हापासून पाठवलेले मेल रात्री उठून परत परत उघडून बघतो. बायकोला विचारत राहतो, काही होणार नाही ना? ती वैतागलीय. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल आला. मेडिटेशनचं अ‍ॅप घेतलं, डोळे मिटले की अजून जास्त विचार. सगळे म्हणतात विचार करू नकोस. कसं ते कोणीच सांगत नाही. आणि खरं सांगू का, या सवयीमुळेच मी कामात चुकत नाही असंही वाटतं. मला तू म्हणा. – रात्रपाळीवाला"

रात्रपाळीवाल्या,

सही झकास आहे तुझी. कंपनीत जनरल शिफ्ट, डोक्याची रात्रपाळी, आणि तीही बिनपगारी. पण पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू शेवटी 'खरं सांगू का' म्हणत हळूच सरकवलंयस आणि मला तिथूनच सुरुवात करायचीय. 'या सवयीमुळेच मी कामात चुकत नाही.' म्हणजे बघ हां, एकीकडे डोक्याला सांगतोयस बाबा थांब आता, आणि दुसरीकडे त्याचा ओव्हरटाइम तूच मंजूर करतोयस, मग ते कशाला थांबेल? मी काळजी करतो म्हणून सगळं सुरळीत चाललंय असं एकदा मनात पक्कं बसलं ना, की मग मेडिटेशन कर, अश्वगंधा खा, नाहीतर हिमालयात जाऊन बस, आतून वाटतच राहणार की मी जरा ढिला पडलो आणि नेमकं तेव्हाच काहीतरी होणार. एड्रियन वेल्स नावाचे एक ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांची अख्खी उपचारपद्धत यावर उभी आहे, की माणूस कशाची काळजी करतो ते नंतर बघू, आधी काळजी करण्याबद्दल त्याचं मत काय आहे ते विचारा.

तर विचारते. ती दशांशचिन्हाची चूक कोणी पकडली? अकाउंट्सने. कधी? दिवसा, टेबलावर, कागद समोर ठेवून. त्यानंतरच्या दोन वर्षांत रात्री दीड वाजता मेल उघडून तू किती चुका पकडल्यास? पत्रात एकही नाही. आणि तुझ्यासारखा माणूस, ज्याला काकांना बोललेलं वाक्य शब्दन् शब्द पाठ आहे, त्याने पकडली असती तर लिहिलीच असती. तू चुकत नाहीस कारण त्या प्रकारानंतर तू दिवसा जपून काम करायला लागलास. जागरण त्याच सुमाराला चालू झालं म्हणून दोन्हीची गाठ बसली, आणि श्रेय सगळं जागरण घेऊन जातंय.

मग ही तपासणी उचलायची आणि जिथे तिचा उपयोग आहे तिथे ठेवायची. पीओ पाठवायच्या आधी. वेंडरचं नाव, पार्ट नंबर, क्वांटिटी, रेट, डिलिव्हरीची तारीख, एवढंच, पण बोट ठेवून आणि पुटपुटत वाचायचं. रेटला जरा जास्त थांब, दशांशचिन्ह कुठे आहे, रेट नगाला आहे की किलोला की शेकड्याला. शेजारचा हसला तर हसू दे. जपानमध्ये रेल्वेचे मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने त्याचं नाव घेतात, एकटे असले तरी, कारण नुसत्या नजरेला सवयीने 'बरोबर' दिसतं, बोट आणि तोंड मध्ये आलं की लक्ष द्यावंच लागतं. तुमच्या शॉप फ्लोअरवर सेफ्टीवाल्यांनी कधीतरी हे दाखवलंही असेल. एकदा असं वाचलं, सेंड केलं, की त्या पीओची फाइल तुझ्या बाजूने बंद. मोठ्या रकमेचा असेल तर दुसऱ्या माणसाला दाखव, पण तेही सेंडच्या आधी.

आता 'विचार करू नकोस' म्हणणाऱ्यांचं बघू. ही माणसं मनाने चांगली असतात, पण सल्ला अगदीच टाकाऊ. गंमत म्हणून आत्ता अर्धं मिनिट वडापाव मनात आणायचा नाही असं ठरव. ती हिरवी मिरची, कागदाला लागलेलं तेल, काही म्हणजे काही आणायचं नाही. आला ना? 1987 साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी हेच पांढऱ्या अस्वलावर करून बघितलं. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढरं अस्वल आणायचं नाही, आलंच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा, नंतर त्याच लोकांना आता खुशाल अस्वलाचा विचार करा म्हटल्यावर, ज्यांनी आधी दाबून धरलं होतं त्यांना ते, पहिल्यापासूनच अस्वलाचा विचार करायला सांगितलेल्या लोकांपेक्षा जास्त वेळा आठवलं. दाबण्यासाठी मनाला सारखं बघावं लागतं की आलं का, आलं का, आणि बघायला गेलं की ते असतंच. त्यामुळे तुझ्या अ‍ॅपला दोष नाही आणि तुलाही नाही. तू डोळे मिटून डोकं रिकामं करायला बसलास, ते कोणाचंच होत नाही. त्यात करायचं एवढंच असतं की विचाराबरोबर वाहत गेलोय हे लक्षात आलं की परत श्वासावर यायचं, पन्नास वेळा गेलास तर पन्नास वेळा परत यायचं, हे परत येणं म्हणजेच सगळा व्यायाम. तुला वाटलं फेल झालो, अरे तेच तर चालू होतं.

'पॉझिटिव्ह विचार करा' हा त्याचाच चुलतभाऊ. रात्री दोन वाजता 'नोकरी जाईल' या विचाराला तू 'नाही जाणार, उलट प्रमोशन मिळेल' असं उत्तर दिलंस, की डोकं लगेच म्हणणार, कशावरून? मग पुरावे, मग उलटतपासणी, वादाला सुरुवात, आणि वाद म्हणजे पुन्हा विचारच की. मला स्वतःला या रील्सवाल्या पॉझिटिव्ह मंडळींचा कंटाळा येतो, पण ते असो.

मॅनेजरवाला प्रसंग घे. 'उद्या सकाळी जरा भेट' हे ऐकून पोटात गोळा आला, डोक्यात आलं 'काही चुकलं का?' हे आपोआप झालं, एका सेकंदात, त्यावर तुझा काहीही कंट्रोल नव्हता आणि नसणार. पण त्यानंतर तू पीएफमध्ये किती असेल याचा हिशोब केलास, हप्ता किती महिने भरता येईल ते मोजलंस, फ्लॅटची किंमत काढलीस, गावी गेल्यावर लोक काय म्हणतील तेही ऐकून आलास. हे आपोआप नव्हतं. हे तू बसून केलंस. विचार येतो आणि विचार आपण करतो, या दोन्हींत फट असते, बारीक, पण असते, आणि तुझं सगळं काम त्या फटीत आहे. ते सुद्धा फार शूरवीर काम नाही. फक्त ओळखायचं की हां, ही 'नोकरी गेली' मालिका चालू झाली. नाव देऊन टाक तिला. काकांवाली एक, दशांशवाली एक, छातीवाली एक, तुझ्याकडे चार-पाचच असतील, माणसाच्या काळज्या मोजायला गेलं तर फारशा नव्या नसतात, त्याच त्या पुन्हा लागतात. नाव घेतलं की वाद घालायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, घालवायचंही नाही. राहू दे बाजूला बडबडत, हातातलं काम चालू ठेव. पहिल्या आठवड्यात जमणार नाही, अर्धा एपिसोड झाल्यावर लक्षात येईल, चालेल, अर्ध्यावरून उठायचं.

आणि अरे, मॅनेजर पुढच्या वेळी असं म्हणाले तर तिथल्या तिथे विचार, 'कशाबद्दल सर, काही घेऊन येऊ का?' दोन सेकंदांचा प्रश्न. परचेसचा माणूस वेंडरला दहा प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही आणि साहेबांना एक विचारत नाही.

आता तुला म्हणून एक गोष्ट सांगते जी ऐकायला खुळचट वाटेल. काळजीला रोज वेळ ठरवून दे. थॉमस बोर्कोवेक हे काळजी या विषयावर आयुष्यभर काम केलेले संशोधक, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1983 साली ही पद्धत करून बघितली होती, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास मनसोक्त काळजी करायची आणि बाकीच्या वेळी काळजी आली तर तिला त्या अर्ध्या तासावर ढकलायचं. लोकांची काळजी कमी झाली. तुझ्यासाठी मी म्हणेन, घरी पोचून हातपाय धुऊन चहा झाला की, साडेसातच्या आसपास, वीस मिनिटं. बेडरूममध्ये नाही, आणि झोपायच्या तोंडावर तर नाहीच. डायनिंग टेबल, बाल्कनी, काहीही. वही आणि पेन घेऊन बस, मोबाईल दुसऱ्या खोलीत. दिवसभरात जे जे डोक्यात आलं आणि तू एका ओळीत टिपून पुढे ढकललंस, 'वेंडरचं मटेरियल शुक्रवारी आलं नाही तर', 'आईची शुगर', ते सगळं काढ आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचार, याच्यावर मी उद्या हातापायाने काही करू शकतो का?

करू शकत असशील तर ते काम लिही, पण नीट लिही. 'वेंडरचं बघायला पाहिजे' असं लिहिलंस तर ती काळजीच राहिली. 'सकाळी साडेनऊला वेंडरला फोन, डिस्पॅच झालं का, गाडी नंबर घेणे, नसेल झालं तर दुसऱ्या सोर्सकडे दोनशे नग विचारणे' हे काम झालं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर युनिव्हर्सिटीत 57 तरुणांना झोपेच्या लॅबमध्ये झोपवून बघितलं होतं, काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी करून झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जेवढी बारकाईची तेवढी झोप लवकर. नऊ मिनिटं म्हणजे काही जादू नाही, पण पाच मिनिटांच्या बदल्यात वाईट नाही. कागदावर एकदा उतरलं की डोक्याला ते धरून बसायची गरज राहत नाही.

आणि काही करण्यासारखं नसेल तर? 'मंदी आली तर', 'काका मनात काही धरून बसले असतील तर'. त्याच्यापुढे लिही 'हातात नाही' आणि वीस मिनिटांतला उरलेला वेळ त्याच्यावर काळजी कर. मुद्दाम कर. खरंच. बहुतेक वेळा दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो, कारण जी गोष्ट रात्री दोनला राक्षस असते ती साडेसातला, बाहेर पोरं क्रिकेट खेळतायत, कुकरच्या शिट्ट्या होतायत, अशा वेळी फारच केविलवाणी दिसते. वेळ संपली की वही मिटायची. रात्री परत आली तर तिला सांगायचं, उद्या साडेसात. ती चिडेल, म्हणेल हे अर्जंट आहे. रात्री अकरानंतर अर्जंट वाटणाऱ्या गोष्टींपैकी आग, चोर आणि दवाखाना सोडला तर सगळं सकाळपर्यंत थांबतं.

आता त्या मेलकडे येऊ, कारण माझ्या मते तुझं खरं दुखणं तिथे आहे. नक्की काय होतं ते जरा हळू बघ. दीड वाजता जाग येते. त्या पीओचा रेट आठवतो. बरोबर टाकलाय हे माहितीये, पण 'नक्की ना?' असं वाटतं. छातीत धडधड. मोबाईल घेतोस, बायकोला उजेड लागू नये म्हणून बाथरूममध्ये जातोस, सेंट फोल्डर, अटॅचमेंट उघडायला वेळ लागतो, त्या दोन-चार सेकंदांत घशाला कोरड, मग पीडीएफ झूम करून बघतोस, बरोबर आहे. हुश्श. एकदम मोकळं वाटतं. आणि तो मोकळेपणाच घात करतो. कारण मेंदू शिकतो काय, की मेल बघितला म्हणून वाचलो. न बघता झोपलो असतो तरीही सकाळी सगळं ठीकच असतं हे शिकायची त्याला संधीच मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळी तो आणखी लवकर, आणखी जोरात ढोसतो. बायकोला 'काही होणार नाही ना' विचारणं हाही तोच प्रकार, आणि गुगलवर 'छातीत धडधड' टाकणं हाही तोच.

एकदम बंद कर असं मी म्हणणार नाही, होणार नाही तुझ्याने. लांबव. आज बघावंसं वाटलं तर पंधरा मिनिटं थांबून बघ. अस्वस्थता चढेल, चढू दे, एका उंचीपर्यंत जाते आणि मग आपली आपण उतरायला लागते, हे तू कधी बघितलंच नाहीस कारण दरवेळी चढतानाच मेल उघडलास. चार दिवसांनी अर्धा तास. मग 'सकाळी ऑफिसला गेल्यावर बघेन'. सोय म्हणून ऑफिसचा मेल मोबाईलवरून काढून टाकता येत असेल तर काढ, नाहीतर निदान रात्री मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला लाव आणि गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळ आण.

तुझ्या बायकोसाठी दोन ओळी, वाचून दाखव तिला. ताई, तुम्ही त्याला 'काही होणार नाही हो' म्हणताय ते प्रेमानेच, पण त्याने त्याची तहान भागत नाही, वाढते. दोघं मिळून दिवसा, शांत असताना ठरवा की रात्री हा प्रश्न आला तर उत्तर मिळणार नाही, फक्त 'हा तोच प्रश्न आहे' एवढंच तुम्ही म्हणाल आणि हवं तर हात धराल. आधी न ठरवता अचानक गप्प बसलात तर त्याला वाटेल तुम्ही चिडलात, आणि मग त्याची एक नवीन मालिका चालू होईल.

काकांचं. चार महिने तू जे वाक्य घोळवतोयस ते काकांना आठवत असेल का? अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग केला होता, 2000 साली छापून आला. विद्यार्थ्याला एका गायकाचा चेहरा छापलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि मग विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्याला वाटायचं जवळपास निम्म्या लोकांच्या. प्रत्यक्षात जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या. साखरपुड्यात तर काकांना जेवणाच्या पंगती, व्याह्यांचा मानपान, फोटोवाला, सतरा व्याप असतात. तरीही थट्टा खरंच लागेल अशी होती असं तुला वाटत असेल, तर ते 'हातात आहे' या खात्यात जातं, एक फोन कर, 'काका त्या दिवशी जरा जास्तच बोललो, राग मानू नका' आणि लगेच दुसऱ्या विषयावर ये. एकदाच. आणि ते म्हणाले 'कसली थट्टा?' तर त्यांना आठवण करून द्यायला बसू नकोस, तुझ्याकडून ती अपेक्षा आहे म्हणून सांगते.

झोपेचं थोडं. अंथरुणात पडून विचार करत राहिलास की अंथरूण म्हणजे विचार करायची जागा अशी सवय लागते, म्हणून रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्येच सांगितलेला नियम आजही झोपेचे डॉक्टर देतात, अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, कपड्यांच्या घड्या, जुनं मासिक, आणि डोळे जड झाले की परत यायचं. मिनिटं मोजायला घड्याळ बघायचं नाही, अंदाजे म्हणजे अंदाजेच. सकाळी उठायची वेळ मात्र रात्र कशीही गेली तरी तीच, रविवारी सुद्धा. दुपारी तीननंतरचा कंपनीतला चहा कॉफी सोड, कॅफिनचा निम्मा अंमल उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि धडधडीला तर ते आयतं निमित्त. शनिवारी 'झोप लागते' म्हणून दोन पेग मारत असशील, लिहिलं नाहीस पण परचेसवाल्यांच्या पार्ट्या मला माहीत आहेत, तर त्याने झोप लागते खरी, पण मध्यरात्रीनंतर मोडते आणि मग डोकं दुप्पट चालतं. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास भरभर चाल, हेडफोन न लावता. रात्री अंगात धडधड असेल तेव्हा श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब कर, चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. त्याने विचार जाणार नाहीत, अंग शांत होईल, आणि अंग शांत असलं की विचारांना फार भाव मिळत नाही.

हे सगळं चारेक आठवडे मनापासून करून बघ. पण एक प्रश्न मी आत्ताच विचारते, तू दोन वर्षं म्हणतोयस. काळजी सहा महिन्यांहून जास्त, बहुतेक दिवस, थांबवता न येणारी, आणि सोबत झोपेची वाट लागलेली, धडधड, चिडचिड, असं असेल तर त्याला डॉक्टरी भाषेत नाव आहे आणि उपचारही आहेत, त्यामुळे चार आठवडे संपायची वाट बघू नकोस, सोबतच डॉक्टरांनाही भेट. आधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 बघून घे, थायरॉइड वाढलेला असला तरी छाती अशीच धडधडते आणि मग माणूस उगाच मनाला दोष देत बसतो. मेल बघणं रोजचा तास-तास खात असेल, किंवा गॅस, कुलूप, आकडे असंही परत परत तपासणं होत असेल तर ते न लाजता सांग, त्याचे उपचार थोडे वेगळे असतात. सायकियाट्रिस्टने गोळी दिली तर ती सहसा आयुष्यभराची नसते, असर दिसायला काही आठवडे लागतात, मध्येच आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि मित्राच्या खिशातली झोपेची गोळी घ्यायची नाही म्हणजे नाही, त्यातल्या काहींची सवय लागते. कधी जगणंच नको असं वाटलं तर थांबू नकोस, 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. साध्या शंकेसाठीही लावला तरी चालतो.

प्रायव्हेटची फी परवडत नसेल तर पुण्यात ससूनला सायकियाट्रीची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते, अर्ध्या दिवसाची रजा टाक आणि बायकोला बरोबर ने, रात्री काय काय होतं ते तिने बघितलंय, डॉक्टरांना तिच्याकडूनही कळू दे.